कानाखालची गाठ आणि बारीक सुई : पॅथॉलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी

पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या सायटॉलॉजी विभागात रुजू झालेल्या रेसिडेंटच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच असा एक केसपेपर येतो, ज्यावर कान-नाक-घसा विभागाने एवढेच लिहिलेले असते : उजव्या कानाखाली गाठ, दोन वर्षांपासून, एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) करावी. थायरॉइडच्या आणि मानेतील लसिकाग्रंथींच्या गाठींवर तोवर हात थोडा बसलेला असतो, त्यामुळे हीदेखील त्यांतलीच एक असे वाटते. प्रत्यक्षात लाळग्रंथीची गाठ वेगळी तयारी मागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लाळग्रंथींच्या अर्बुदांचे ३० हून अधिक प्रकार आहेत, त्यांपैकी अनेकांच्या पेशी एकमेकींशी विलक्षण साम्य दाखवतात, आणि एकाच अर्बुदात दोन ठिकाणी सुई घातली तर दोन वेगळी चित्रे हाती येऊ शकतात. हा लेख त्या पहिल्या गाठीसाठी आहे. वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी तो लिहिला आहे, हे वेगळे सांगायला नको.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या तपासणीत आपले पहिले कर्तव्य गाठीला नेमके नाव देणे हे नसून, सर्जनच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तर देणे हे आहे. ही गाठ लाळग्रंथीचीच आहे की शेजारच्या लसिकाग्रंथीची, असा त्यांचा पहिला प्रश्न असतो. लाळग्रंथीची असेल तर ती नुसती सूज आहे की अर्बुद, हा दुसरा. आणि अर्बुद असेल तर ते सौम्य आहे, लो ग्रेड कर्करोग आहे की हाय ग्रेड, हा तिसरा. या तिसऱ्या उत्तरावर ग्रंथीचा किती भाग काढायचा, मानेतील लसिकाग्रंथी काढायच्या का आणि रुग्णाच्या चेहऱ्याच्या नसेबद्दल त्याच्याशी आधी काय बोलून ठेवायचे, हे ठरते. नाव देता आले तर उत्तमच, परंतु नावाच्या हट्टापायी या तीन प्रश्नांचे उत्तर चुकले तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

पॅरोटिडच्या, म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथीच्या, गाठीचा तुकडा कापून का पाठवत नाहीत, असे नवे रेसिडेंट दरवर्षी विचारतात. प्रश्न योग्य आहे. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी फेशियल नर्व्ह याच ग्रंथीतून जाते आणि तिथेच तिच्या शाखा फुटतात. चिरा देऊन तुकडा घेताना तिला इजा होऊ शकते, लाळ झिरपणारी वाट तयार होऊ शकते आणि प्लिओमॉर्फिक ॲडिनोमासारख्या सौम्य अर्बुदाचे आवरण फाटून पेशी आजूबाजूला सांडल्या तर ते अर्बुद वर्षांनंतर अनेक लहान गाठींच्या रूपाने परत येते. मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातून सुईने पेशी काढण्याच्या पद्धतीची मांडणी केली तेव्हा सुई जाड होती. पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ती बारीक झाली आणि लाळग्रंथींसाठी ही तपासणी खऱ्या अर्थाने रुळली.

आधी बोटे, मग सुई

रुग्ण खुर्चीवर बसला की लगेच सुई उघडू नये. दहा मिनिटे बोलण्यात आणि गाठ चाचपण्यात घालवावीत. ही दहा मिनिटे पुढे सूक्ष्मदर्शकाखालचा एक तास वाचवतात, आणि काही वेळा चूकही वाचवतात.

गाठ किती दिवसांची आहे हे विचारावे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गेल्या काही महिन्यांत तिच्या वाढीचा वेग बदलला का, हे विचारावे. दहा-पंधरा वर्षे लिंबाएवढी राहिलेली गाठ तीन महिन्यांत दुप्पट झाली असेल, तर जुन्या प्लिओमॉर्फिक ॲडिनोमात कर्करोग उद्भवल्याची शंका घ्यावीच लागते, आणि सुई त्या नव्याने वाढलेल्या भागात गेली पाहिजे. जेवताना गाठ फुगते आणि तासाभराने बसते, असे रुग्णाने सांगितले तर नळीतील खड्याचा विचार करावा. लाळेचे बहुतेक खडे, सुमारे ८० टक्के, जबड्याखालच्या ग्रंथीत असतात. दोन्ही बाजूंच्या पॅरोटिड हळूहळू, न दुखता वाढल्या असतील तर मधुमेह, मद्यपान आणि कुपोषण यांबद्दल विचारावे. डोळे व तोंड कोरडे पडते का हे विचारावे, आणि एचआयव्हीची चाचणी झाली आहे का, हेही खासगीत आणि सन्मानाने विचारावे. दोन-चार दिवसांत ताप येऊन दोन्ही गाल सुजले असतील तर ती बहुधा गालगुंडाची साथ असते आणि तिथे सुईचे काम नसते.

तंबाखूविषयी विचारताना आपल्या भागातील बोलण्याची रीत लक्षात ठेवावी. मावळ, मुळशी, भोर, जुन्नर या भागांतून आलेल्या एखाद्या आजींना “तंबाखू खाता का?” असे विचारले तर त्या मनापासून “नाही बाळा” म्हणतात, कारण मिश्री लावणे म्हणजे तंबाखू खाणे असे त्या मानत नाहीत. म्हणून “आजी, मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?” असाच प्रश्न करावा. तरुणांना गुटखा आणि मावा यांची नावे घेऊन विचारावे. हे माहितीसाठी माहिती गोळा करणे नव्हे. जबड्याखालच्या गाठीसाठी आलेल्या, तंबाखूची सवय असलेल्या रुग्णाची गाठ ही लाळग्रंथी नसून तोंडाच्या कर्करोगातून पेशी आलेली लसिकाग्रंथी असू शकते. त्यामुळे अशा प्रत्येक रुग्णाला आ करायला सांगून टॉर्चच्या प्रकाशात गालाची आतली बाजू, जिभेची कड आणि जिभेखालचा भाग पाहिल्याशिवाय सुई हातात घेऊ नये.

आता चाचपणे. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनामागे असलेली कोणतीही गाठ ही, अन्य काही सिद्ध होईपर्यंत, पॅरोटिडची समजावी. पॅरोटिडचा खालचा शेवट मानेत बराच उतरलेला असतो आणि तिथली गाठ लसिकाग्रंथी समजून टीबीच्या दृष्टीने सुई घातली जाते, ही अगदी नेहमीची चूक आहे. कानाची पाळी वर उचलली गेली आहे का, हे समोरून पाहावे. जबड्याखालच्या गाठीसाठी हातमोजा घालून एक बोट तोंडात जिभेच्या बाजूला आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेर ठेवावीत. ग्रंथीची गाठ दोन्ही बोटांच्या मध्ये जाणवते, लसिकाग्रंथी बहुधा फक्त बाहेरच्या हाताला लागते. मग रुग्णाला डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला आणि गाल फुगवायला सांगावे. चेहऱ्याची एक बाजू मागे राहत असेल, गाठ खालच्या भागांना चिकटलेली असेल किंवा त्वचा ओढली गेली असेल, तर ते केसपेपरवर ठळक लिहावे. पुढे स्लाइडवर सौम्य दिसणारे चित्र मिळाले तरी या नोंदीमुळे आपण थांबून पुन्हा विचार करतो.

जागेवरून शक्यतांचा अंदाजही बांधता येतो. पॅरोटिडमधील दहापैकी साधारण आठ अर्बुदे सौम्य असतात, जबड्याखालच्या ग्रंथीत सौम्य आणि घातक यांचे प्रमाण जवळपास निम्मे-निम्मे असते, आणि टाळूतील किंवा ओठातील लहान ग्रंथींत घातक अर्बुदांचे पारडे जड होते. ग्रंथी जितकी लहान, तितकी शंका मोठी असे सूत्र धरायला हरकत नाही. गाठीला नाडीचे ठोके जाणवत असतील तर सुई घालू नये, आधी सोनोग्राफी करावी. टॉन्सिलला आतून ढकलणारी, घशात दिसणारी गाठ पॅरोटिडच्या खोल भागाची असू शकते. तीही आपल्या बोटांच्या भरवशावर करण्याची नव्हे.

संमती

लेखी संमती घ्यावी आणि ती रुग्णाला समजेल अशा मराठीत घ्यावी. “सुई लावली की गाठ चिघळते” ही भीती खेडोपाडी खोलवर आहे आणि तिची थट्टा करू नये. काकांना नीट सांगावे की सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक आहे, एवढ्या बारीक सुईने गाठीच्या पेशी पसरल्याची उदाहरणे अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि तपासणीनंतर फार तर थोडे दुखेल किंवा त्वचा काळी-निळी होईल. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, हे विचारावे. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. भूल द्यावी लागत नाही.

सुईचे काम

२३ ते २५ गेजची सुई, १० मिलीची सिरिंज, स्पिरिटचा बोळा, आधीच रुग्णाचे नाव आणि क्रमांक हिऱ्याच्या पेन्सिलीने किंवा साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेल्या सहा-आठ स्लाइड, आणि ९५ टक्के इथाइल अल्कोहोल भरलेला, झाकण उघडून ठेवलेला कॉप्लिन जार, एवढे सगळे हाताच्या अंतरावर मांडून मगच रुग्णाच्या मानेला हात लावावा. सुई आत गेल्यावर कोणी मामांना जार आणायला पाठवत असेल, तर त्या तपासणीची अर्धी गुणवत्ता तिथेच गेली.

रुग्णाला झोपवून मान विरुद्ध बाजूला वळवावी. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमध्ये गाठ अशी धरावी की ती सुईपुढे सरकणार नाही. त्वचेतून सुई पटकन आत न्यावी आणि रुग्णाला “आता गिळू नका, बोलू नका” असे सांगून एकाच रेषेत, गाठीच्या आत राहून, दहा-बारा वेळा वेगाने पुढे-मागे करावी. पेशी मिळतात त्या मुख्यतः सुईच्या धारदार टोकाने सुटून आत शिरल्यामुळे. सिरिंजची ओढ त्यांना फक्त धरून ठेवते. म्हणून पहिला प्रयत्न मी ओढ न लावता, नुसत्या सुईने करायला सांगते, कारण त्यात रक्त कमी येते आणि बोटांना गाठीचा पोत कळतो : प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा रबरासारखा लागतो, जुनाट दाहाने कठीण झालेली ग्रंथी चिवट लागते, आणि टीबीची गाठ मध्येच पोकळ झाल्यासारखी लागते. पुरेसे द्रव्य आले नाही तर दुसऱ्या प्रयत्नात सिरिंज जोडून ओढ लावावी. ओढ लावली असेल तर सुई बाहेर काढण्यापूर्वी दट्ट्या पूर्ण सोडून द्यायचा, हा नियम कधीही मोडू नये. तो मोडला की सुईतले थोडेसे मोलाचे द्रव्य सिरिंजच्या नळीत उडून चिकटते आणि तिथून ते निघत नाही.

साधारणपणे दोन किंवा तीन ठिकाणी सुई घालावी, आणि मोठ्या गाठीत त्या जागा मुद्दाम वेगळ्या निवडाव्यात. सुई काढल्यावर त्या जागेवर कापसाचा बोळा दोन-तीन मिनिटे घट्ट दाबून धरावा. हे काम नातेवाइकांवर सोडून आपण स्लाइडकडे वळणे स्वाभाविक असते, तरी “दाबायचे आहे, चोळायचे नाही” एवढे एक वाक्य सांगून वळावे. वापरलेली सुई टोपण न लावता पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात आणि सिरिंज लाल पिशवीत टाकावी.

द्रव निघाला तर सर्वांत जास्त सावध राहावे. इथे मी माझी चूक सांगते, कारण ती अनेकांकडून होते. सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात असताना चाळिशीच्या एका ताईंच्या पॅरोटिडमधून मी तीन मिली गढूळ, किंचित चिकट द्रव काढला. गाठ बसली, ताई समाधानाने घरी गेल्या, आणि स्लाइडवर फक्त भक्षक पेशी (मॅक्रोफेज) व थोडा श्लेष्मा दिसल्यामुळे मी सौम्य सिस्ट असा अहवाल दिला. काही महिन्यांनी गाठ परत आली आणि शस्त्रक्रियेत ती लो ग्रेड म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग, निघाली. द्रव काढल्यानंतर मी बोटांनी पुन्हा चाचपले असते, तर उरलेला टणक भाग लागला असता आणि त्यात सुई घालता आली असती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की द्रव पूर्ण काढावा, गाठ पुन्हा चाचपावी, काही टणक उरले असेल तर त्यातच दुसरी सुई घालावी, आणि काढलेला सर्व द्रव फेकून न देता सेंट्रिफ्यूज करून त्याच्या गाळाची स्लाइड करावी. नुसता श्लेष्मा मिळाला असेल तर “सौम्य सिस्ट” हे शब्द लिहायचे नाहीत.

स्लाइड : पुण्याचा पावसाळा आणि पुण्याचा उन्हाळा

सुई सिरिंजवरून काढून सिरिंजमध्ये हवा भरावी, सुई पुन्हा जोडावी आणि तिचे तिरपे तोंड स्लाइडकडे करून एक लहान थेंब स्लाइडच्या एका टोकाशी हलकेच सोडावा. दुसऱ्या स्लाइडने तो जोर न देता पसरावा. या क्षणी स्लाइड उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी. चकचकीत, जेलीसारखे, ओढले तर तार धरणारे द्रव्य दिसले तर प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाची शक्यता मोठी असते. गाडीतून काढलेल्या जुन्या इंजिन ऑइलसारखा तपकिरी, गढूळ द्रव वॉर्थिन ट्यूमर या सौम्य अर्बुदाकडे बोट दाखवतो. चीजसारखे पांढरट कण टीबीची शंका घ्यायला लावतात, आणि तेव्हा त्यातला एक भाग टीबीचे जंतू दाखवणाऱ्या झील-नील्सन रंगासाठी आणि एक भाग सीबीनॅटसाठी (टीबीची जनुकीय चाचणी) निर्जंतुक नळीत लगेच बाजूला काढावा.

निम्म्या स्लाइड हवेत वाळवून गिम्सा रंगासाठी आणि निम्म्या ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवून पॅपॅनिकोलाऊ रंगासाठी ठेवाव्यात. दोन्ही का, याचे उत्तर लाळग्रंथीत फार स्पष्ट मिळते. पेशींबाहेरचे द्रव्य, ज्याला आपण मॅट्रिक्स म्हणतो, ते गिम्साने गडद जांभळट-गुलाबी होऊन उठून दिसते, तर पॅपमध्ये ते जवळपास नाहीसे होते. याउलट केंद्रकातील बारकावे आणि पेशीद्रवातील केराटिन पॅपमध्येच नीट दिसते.

इथे पुण्याचे हवामान मध्ये येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढी आर्द्रता असते की हवेत वाळवायला ठेवलेली स्लाइड हळूहळू वाळते, पेशी आक्रसतात आणि केंद्रके गडद व विचित्र दिसू लागतात. नवखा डोळा त्यात घातकता पाहतो. या दिवसांत स्लाइड पंख्याखाली हलवून किंवा हेअर ड्रायरच्या थंड हवेने, लांबून धरून, झटपट वाळवावी. एप्रिल-मेमध्ये नेमके उलटे घडते : डोक्यावर पंखा चालू असतो, हवा कोरडी असते, आणि अल्कोहोलमध्ये टाकायची स्लाइड जारपर्यंत पोहोचण्याआधीच वाळून जाते. त्या दिवसांत तपासणीपुरता पंखा बंद ठेवावा, जार रुग्णाच्या उशाशी आणावा आणि अल्कोहोल उडून जाऊन पातळी खाली गेली आहे का हे रोज सकाळी पाहावे. अल्कोहोलमध्ये स्लाइड किमान पंधरा मिनिटे राहू द्यावी.

शक्य असेल तर एक स्लाइड जागच्या जागी झटपट रंगाने रंगवून पेशी पुरेशा आहेत का ते रुग्ण जाण्याआधीच पाहावे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात येणारा रुग्ण अनेकदा पहाटेच्या एसटीने आलेला असतो आणि त्याचा एक दिवसाचा रोज बुडालेला असतो. “द्रव्य अपुरे आहे, पुन्हा या” असा अहवाल त्याच्या हातात पडण्यापेक्षा त्याला तिथेच अर्धा तास थांबवून दुसरी सुई घालणे केव्हाही बरे.

सूक्ष्मदर्शकाखाली

सर्वांत लहान भिंगाने सुरुवात करावी आणि पाच मिनिटे तरी मोठ्या भिंगाकडे जाऊ नये. लाळग्रंथीचे निदान एकेकट्या पेशीच्या कुरूपतेवर कमी आणि पेशी, मॅट्रिक्स व पार्श्वभूमी यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यावर जास्त अवलंबून असते.

ॲसिनस (लाळ तयार करणाऱ्या) पेशींचे द्राक्षांच्या घडासारखे गोळे, त्यांना जोडलेल्या नलिका आणि मधून-मधून चरबी दिसत असेल तर ती सर्वसाधारण ग्रंथी आहे. मात्र रुग्णाला स्पष्ट, वेगळी गाठ असताना स्लाइडवर फक्त निरोगी ग्रंथी दिसली तर सुई गाठीत गेलीच नाही, असे मानावे. तो अहवाल “निरोगी” नसून “अपुरा” असतो. आणि ॲसिनस पेशीच पेशी आहेत पण नलिका व चरबी कुठेच नाही, पार्श्वभूमीवर उघडी केंद्रके विखुरली आहेत, असे चित्र असेल तर ॲसिनिक सेल कार्सिनोमाचा विचार करावा. दिसायला इतकी साधी पेशी कर्करोगाची कशी, असा प्रश्न मनात येतो आणि तिथेच हे निदान निसटते.

प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा हे लाळग्रंथीचे सर्वांत जास्त आढळणारे अर्बुद असल्याने त्याच्याशी आधी ओळख करून घ्यावी. गिम्सामध्ये जांभळट-गुलाबी, तंतुमय, विस्कटलेल्या कडांचे मॅट्रिक्स दिसते आणि त्यात लांबट मायोएपिथेलियल पेशी अशा मिसळलेल्या असतात की पेशी कुठे संपते आणि मॅट्रिक्स कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. ही मिसळण हीच त्याची खूण. तिच्याशी तुलना करायची ती ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाशी. तिथेही गुलाबी मॅट्रिक्स असते, पण ते काचेच्या गोळ्यांसारखे गुळगुळीत, रेखीव कडांचे असते, आत पेशी नसतात, आणि लहान, गडद केंद्रकांच्या पेशी गोळ्यांच्या बाहेर कडेने चिकटून बसलेल्या असतात. दुर्दैवाने प्लिओमॉर्फिक ॲडिनोमातही क्वचित असे गोळे दिसतात. म्हणूनच गाठ दुखते का, चेहरा सुन्न होतो का, हेही सुरुवातीलाच विचारून ठेवावे. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नसांच्या कडेने पसरतो आणि वेदना हे त्याचे लवकरचे लक्षण असू शकते.

वॉर्थिन ट्यूमर बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत, पॅरोटिडच्या खालच्या भागात, कधी दोन्ही बाजूंना आढळतो. लसिकापेशी, कणीदार पार्श्वभूमी आणि दाणेदार पेशीद्रवाच्या ऑन्कोसाइट पेशींच्या सपाट चादरी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तर निदान निश्चित. धोका असा की या अर्बुदात स्क्वेमस पेशी तयार होतात आणि त्या सडलेल्या द्रवात वेड्यावाकड्या दिसतात. पॅरोटिडमध्ये अशा मोजक्याच पेशी पाहून स्क्वेमस कार्सिनोमा लिहिण्याआधी आपल्याला ऑन्कोसाइट कुठे दिसतात का, हे प्रत्येक स्लाइडवर शोधावे.

म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग, प्रौढांत आणि मुलांतही. त्याची लो ग्रेड रूपे श्लेष्माने भरलेली असतात आणि पेशी थोड्या असतात. श्लेष्मा असलेल्या पेशी, मध्यम आकाराच्या इंटरमीडिएट पेशी आणि स्क्वेमससारख्या पेशी यांतील कोणत्याही दोन प्रकारांचे एकत्र समूह शोधावेत. हाय ग्रेड अर्बुदात कर्करोग आहे हे सहज कळते. तो म्युकोएपिडरमॉइड आहे, सलायव्हरी डक्ट कार्सिनोमा आहे की बाहेरून आलेला, हे ठरवणे मात्र अवघड असते. तिथे “हाय ग्रेड कार्सिनोमा” एवढे लिहिणे हे अपुरे उत्तर नाही, सर्जनला त्या घडीला लागणारे उत्तर तेच आहे.

नुसत्या लसिकापेशी मिळाल्या तर पॅरोटिडच्या आत असलेली लसिकाग्रंथी, टीबी, वॉर्थिन, डोळे व तोंड कोरडे पाडणारा श्योग्रेन आजार, एचआयव्हीमधील सिस्ट आणि लिम्फोमा यांच्यातून वाट काढावी लागते. एपिथेलिऑइड पेशींचे ग्रॅन्युलोमा दिसले तर काम सोपे होते. सर्व लसिकापेशी एकाच साच्यातल्या असतील तर लिम्फोमाच्या शंकेने फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचे प्रकार ओळखणारी चाचणी) नवे द्रव्य मागवावे.

उरलेले द्रव्य फॉर्मालिनमध्ये टाकून सेल ब्लॉक करून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. ॲसिनिक सेल कार्सिनोमासाठी एनआर४ए३, सिक्रेटरी कार्सिनोमासाठी पॅन-टीआरके, प्लिओमॉर्फिक ॲडिनोमासाठी पीएलएजी१ अशी रंजके आता उपलब्ध आहेत, पण ती प्रत्येक प्रयोगशाळेत नसतात आणि रुग्णाला त्यांचा खर्चही पडतो. त्यामुळे उपचाराची दिशा बदलणार असेल तरच ती सुचवावीत.

अहवाल

अहवाल मिलान पद्धतीने, म्हणजे लाळग्रंथींच्या सुई-तपासणीचे निष्कर्ष ठरावीक वर्गांत मांडणाऱ्या पद्धतीने लिहावा. ही पद्धत २०१८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिचे बळ असे की प्रत्येक वर्गासोबत घातकतेची अंदाजे शक्यता दिलेली असते, आणि सर्जन व पॅथॉलॉजिस्ट एकाच भाषेत बोलू लागतात. दुसऱ्या आवृत्तीनुसार अपुऱ्या नमुन्यात ही शक्यता सुमारे १५ टक्के, अर्बुद नसलेल्या दाहादी आजारांच्या वर्गात ११ टक्के, अनिश्चित स्वरूपाच्या वर्गात ३० टक्के, सौम्य अर्बुदात ३ टक्क्यांहून कमी, अर्बुद आहे पण ते सौम्य की घातक हे सांगता येत नाही अशा वर्गात ३५ टक्के, घातकतेची दाट शंका असलेल्या वर्गात ८३ टक्के आणि घातक वर्गात ९८ टक्क्यांहून अधिक आहे.

नव्या रेसिडेंटचा गोंधळ होतो तो तिसऱ्या आणि चौथ्याच्या दुसऱ्या उपवर्गात, म्हणजे अनिश्चित स्वरूप आणि अनिश्चित घातकतेचे अर्बुद यांत. फरक साधा आहे. अर्बुद आहे की नाही हेच ठरत नसेल तर तिसरा वर्ग. नुसता श्लेष्मा मिळालेला सिस्ट इथे येतो. अर्बुद निश्चित आहे, पेशी भरपूर आहेत, पण उदाहरणार्थ लहान बेसलॉइड पेशींचे दाट समूह आणि अगदी थोडे मॅट्रिक्स यांवरून बेसल सेल ॲडिनोमा की ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हे सांगता येत नाही, तेव्हा चौथ्याचा दुसरा उपवर्ग. तिसरा वर्ग आपल्या एकूण अहवालांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा, अशी अपेक्षा आहे. सुमारे ६० रोगसंबंधित पेशीदेखील नसतील तर नमुना अपुरा म्हणावा. मात्र त्या थोड्या पेशींतही लक्षणीय विकृती (ॲटिपिया) दिसत असेल तर तो अपुरा राहत नाही, शंका किमान तिसऱ्या वर्गात नोंदवावीच लागते.

वर्गाखाली दोन-तीन वाक्यांत काय दिसले आणि पुढे काय करावे हे लिहावे : सोनोग्राफीच्या मदतीने पुन्हा सुई, की थेट शस्त्रक्रिया, की आधी क्षयरोगाची तपासणी. या तपासणीची घातकता ओळखण्याची क्षमता साधारण ८० टक्के आणि घातक नसलेल्या गाठीला घातक न म्हणण्याची विशिष्टता सुमारे ९७ टक्के मानली जाते, म्हणजेच नकारात्मक उत्तर सकारात्मक उत्तराइतके भक्कम नसते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाच्या अहवालात सौम्य असे लिहावे लागले, तर “रुग्णाच्या लक्षणांशी हे जुळत नाही, नमुना प्रातिनिधिक नसण्याची शक्यता आहे” हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. हाय ग्रेड निदान असेल तर कागद टेबलावर पोहोचण्याची वाट न पाहता सर्जनला फोन करावा आणि फोन कधी केला ते नोंदवावे.

त्यानंतर

प्रत्येक लाळग्रंथीच्या रुग्णाची एक ओळ वहीत लिहून ठेवावी : गाठीची जागा, कितव्या सुईला द्रव्य मिळाले, आपण कोणता वर्ग दिला. शस्त्रक्रियेनंतर ग्रंथी आपल्याच विभागात येत असेल तर तिचा अहवाल शोधून काढणे सोपे असते, ती दुसऱ्या रुग्णालयात झाली असेल तर रुग्णाला फोन करून अहवालाची प्रत मागावी, आणि बहुतेक रुग्ण ती आनंदाने देतात. सुई लागल्यानंतर काही गाठींत, विशेषतः वॉर्थिनमध्ये, अर्बुदाचा भाग मरून जातो आणि शस्त्रक्रियेच्या नमुन्यात निदान कठीण होते. आपली स्लाइड अशा वेळी एकमेव पुरावा ठरते, म्हणून ती जपून ठेवावी. दोन्ही स्लाइड शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि जिथे आपले मत चुकले असेल तिथली नेमकी जागा काचेवर शाईच्या टिंबाने खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या रेसिडेंटला तीच जागा थेट भिंगाखाली दाखवता येते.